नमस्काराचं बटण

"आई, आता त्याला दाराबाहेर काढ," मिहीर म्हणाला. तो उद्या कॅनडाला जाणार होता आणि मागे वेळ जावा म्हणून आईला, हेमलताबाईंना, आपला लहानपणीचा व्हिडिओ गेम शिकवत होता. गेममधला पोरगा नुकताच झोपेतून उठून, कमरेला तलवार लावून राक्षस मारायला निघाला होता. चुलीपाशी त्याची आई उभी होती.

हेमलताबाईंनी पोराला उंबऱ्यापर्यंत नेलं आणि परत फिरवलं.

"अगं, निघालेल्याने मागे फिरू नये, तूच म्हणतेस ना?"

"आईला नमस्कार न करता निघाला, तो निघालाच नाही. नमस्काराचं बटण कुठलं?"

"तसलं बटण नाही. हे दाबलं की ती बोलते, बस."

बाईंनी ते दाबलं. "सांभाळून जा, बाळा," पडद्यावरची आई म्हणाली. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"पोटचा पोर एवढ्या लांब निघालाय, आणि हिला दुसरं काही सुचत नाही?" हेमलताबाई करवादल्या.

दुसऱ्या दिवशी मिहीरने हातावरचं दही चाटलं, बॅगा टॅक्सीत ठेवून वर आला आणि आईच्या पाया पडला. थंडीचे कपडे, लोणच्याची बरणी, वेळेवर जेवण... बाईंनी सकाळपासून सगळं घोकून ठेवलं होतं.

"सांभाळून जा, बाळा," त्या म्हणाल्या.

मिहीर थांबला. तो पुन्हा वाकला.

"सांभाळून जा, बाळा."

खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. मिहीर तिसऱ्यांदा वाकला.