पलीकडचा हात

"नवी गाडी म्हणे! जुनीचं धुराडं डावीकडे, हिचं उजवीकडे. सगळंच उफराटं," ट्रकच्या मागच्या हुकात दोर अडकवता अडकवता काका पुटपुटत होता. दोराचं दुसरं टोक काठावरच्या जुन्या ट्रकला बांधलेलं होतं. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. घरातला मेकॅनिक आणि घरातलाच कुरकुऱ्या.

"काका, तुला मीठ बरोबर पडलं तरी उफराटं वाटतं," त्याची पुतणी केबिनमध्ये चढत म्हणाली.

तो हसला नाही. "ऐक. आज मी पुढे उभा राहतो. दादाला बसू दे जरा."

"ते ऐकतील होय!" खरं तर तिलाच ते ऐकायचं नव्हतं.

बाबा केव्हाच काठी घेऊन पाण्यात उतरले होते. तीस वर्षं त्यांनी याच नदीतून ट्रक पार नेले. लोक त्यांना नदीचा जावई म्हणायचे; नदीनं त्यांना कधी बुडवलं नाही. आता ट्रक लेक चालवायची आणि बाबा आधी पायांनी तळ चाचपत पलीकडे जाऊन हात दाखवायचे. हल्ली चहाचा कप त्यांच्या हातात नेऊन द्यावा लागे. सदऱ्याची बटणं वरखाली लागत. वय झालं, म्हणायचे घरात सगळे. हे काम काढून घेतलं तर बाबा अंथरूण धरतील, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

पाण्याखाली गोट्यांचा एक उंचवटा होता, ट्रकपेक्षा हातभरच रुंद. त्याच्या डावीकडे डोह. पाण्यात असताना पाण्याकडे बघायचं नाही. नजर वाहिली की गाडीही वाहते. बघायचं ते फक्त पलीकडच्या हाताकडे. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं.

काचा खाली, पट्टा सोडलेला, पहिला गिअर. पाणी बॉनेटला लागलं. हातानं सांगितलं, डावीकडे. तिनं घेतलं. अजून थोडं. तिनं अजून थोडं घेतलं.

पुढचं डावं चाक सुटलं. अंधारात पायरी चुकावी तसा अख्खा ट्रक कलला. डाव्या खिडकीतून थंडगार पाण्याचा लोट आत आला. तिनं समोर पाहिलं. बाबांचा हात डुलतच होता. ये, ये, झकास. चेहऱ्यावर शाबासकीचं हसू.

इंजिनानं गचका खाल्ला आणि ते बंद पडलं.

तेव्हा कुठे तो हात थांबला. बाबांनी मान वाकडी करून कान नदीकडे केला.

"कुठे गेलीस गं?"

ती वीस हातांवर होती. घराएवढा पिवळाधमक ट्रक त्यांच्या नाकासमोर कलंडला होता. बाबा धुराड्याच्या आवाजावर हात दाखवत होते. उजवीकडचा आवाज जुन्या, डाव्या जागी आणायला त्यांनी अख्खा ट्रक डावीकडे ओढला होता.

दोर ताणला गेला. त्याच्यावर ट्रक कसाबसा तगून राहिला. ती उजव्या खिडकीतून बाहेर पडली आणि छातीभर पाण्यातून, गोटे चाचपत काठाला लागली. दातावर दात आपटत होते. तिनं बाबांची बाही धरली. त्यांनी तिचे खांदे, डोकं, तोंड हातांनी चाचपलं आणि मग श्वास सोडला.

"वाळू सरकली असणार," ते म्हणाले.

"हो हो दादा, वाळूच सरकली!" पलीकडून काका ओरडला.

मग दोघेही तिच्या एका 'हो'ची वाट बघत होते. तेवढ्यावर सगळं निभावलं असतं, उद्याची खेपसुद्धा.

"वाळू नाही सरकली," ती म्हणाली. "बाबा, तुम्हाला दिसत नाही. आणि मला ते माहीत होतं."