कुरो बसत नाही

"सर, आता माउस तुम्ही धरा."

तोमोए ओरिहाराने लॅपटॉप सुगायासरांच्या पुढ्यात सरकवला. पडद्यावर कुरो होता, अंगठ्याएवढा काळा कुत्रा. माउसचा बाण पळेल तिकडे तो धावायचा. बाण थांबला की शेजारी बसायचा, जांभई द्यायचा, झोपायचा. सरांनी तो पस्तीस वर्षांपूर्वी लिहिला होता. त्याचा मूळ कोड केव्हाच हरवला. तोमोएने एका जुन्या यंत्रावर अजून चालणाऱ्या कुरोचं चित्रण केलं, त्याचं एकेक पाऊल मोजलं आणि रस्ट या आजच्या प्रोग्रामिंग भाषेत तो पुन्हा उभा केला. त्यात दोन वर्षांचे रविवार गेले. असल्या वेड्यांना आपला कोपरापासून नमस्कार.

तो लोकांना फुकट वाटायचा होता, पण सरांच्या संमतीशिवाय नाही. सरांनी पत्रात अट घातली होती: हुबेहूब असेल तरच. शेपटी जरी वेगळी हलली तरी विसरा.

सरांनी माउस फिरवला. कुरो धावला.

"वळताना घसरतो, तेही आलंय," सर म्हणाले. "ती खरं तर माझी चूक होती."

"माहीत आहे, सर. मुद्दाम ठेवली."

सर हसले आणि त्यांनी हात थांबवला. पण तो हात चार वर्षांपासून थांबत नव्हता. बाण थरथरत राहिला आणि कुरो त्याच्याभोवती धावत राहिला. बसेना, झोपेना. सरांनी दुसऱ्या हाताने मनगट दाबून पाहिलं. त्यांच्या पत्नी, फुसाएबाई, उगाचच चहाचे पेले सारखे करू लागल्या.

"हुबेहूब आहे," सर म्हणाले आणि त्यांनी माउस सोडला. "खुशाल वाटा."

संमती मिळाली होती. वाकून आभार मानायचे आणि निघायचं, एवढंच उरलं होतं.

"एक मिनिट, सर."

तोमोएने लॅपटॉप ओढला, एका ओळीतला दोनचा आकडा खोडून चाळीस केला आणि माउस परत त्यांच्या हाताखाली ठेवला. कुरो धावत आला. थरथरणाऱ्या बाणाशेजारी बसला. जांभई दिली. झोपला.

"हे माझं नाही," सर म्हणाले.

"नाही, सर. बारीक थरथर म्हणजे थांबणंच, असं त्याला आत्ता शिकवलं."

"अट वाचली होती ना?"

"पाठ आहे, सर."

सरांनी झोपलेल्या कुत्र्याकडे पाहिलं. "माझ्या कुरोला एवढी समज नव्हती," ते म्हणाले. "अगं, माझा सहीचा शिक्का आण."

फुसाएबाईंनी शिक्का शाईला लावून दिला आणि संमतीपत्रावर तो सरळ उठावा म्हणून सरांचं मनगट धरायला त्या पुढे झाल्या.

"सोड," सर म्हणाले. "वाकडा उठू दे. माझाच आहे."