संध्याकाळपर्यंत चालू

वहिनीने कार्ड चकतीवर टेकवलं आणि पुन्हा लाल दिवा लागला.

तिने कार्ड एप्रनला पुसलं. उलटं लावून बघितलं, सुलटं लावून बघितलं. लालच. बाकीच्या सिस्टर येत होत्या, कार्ड टेकवत होत्या, टुणकन हिरवा दिवा लागत होता आणि पडद्यावर जिचं तिचं पान उघडत होतं. वॉर्डातले जुने कॉम्प्युटर कालच भंगारात गेले होते. आता टेबलांवर नुसते चपटे डबे, अक्कल सगळी तळघरातल्या सर्व्हरमध्ये. कार्ड एकच, पडदा त्यानेच उघडायचा, औषधांचं कपाटही त्यानेच. पासवर्डांची कटकट गेली म्हणून सगळ्यांनी हुश्श केलं होतं.

"अहो भाऊजी, तुमच्या मशीनचं माझ्याशी काय वाकडं आहे?" वहिनी म्हणाली. "सगळ्यांना हिरवा आणि घरच्या माणसाला लाल?"

भाऊजी म्हणजे हे सगळं बसवायला आलेला तंत्रज्ञ, तिचा धाकटा दीर. तो टेबलाखाली वायरी खोचत होता.

"दिव्याखाली अंधार," एक सिस्टर म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

"हसा, हसा. माझ्या दिराच्या हातून चूक व्हायची नाही. कार्डच खराब निघालं असेल."

कोपऱ्यातल्या खाटेवरून आजोबांनी हाक मारली. "सिस्टर, मला घरी कधी सोडणार?"

"डॉक्टर येऊ देत हं, आजोबा." मग ती दिराकडे वाकून हळूच म्हणाली, "आज-उद्याचे सोबती आहेत हो. मुलांना सांगितलंय, आम्हाला ठाऊक आहे, झाडणाऱ्या मावशींनासुद्धा ठाऊक आहे. फक्त त्यांनाच सांगितलं नाही. मुलगा म्हणतो, आज नको."

दिराने लॅपटॉप उघडून वहिनीचं नाव शोधलं. कार्ड ठणठणीत होतं. नावापुढे मात्र करड्या अक्षरांत लिहिलं होतं: बंद. सेवा समाप्त.

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. भाऊ दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला, मुलगी अजून शाळेत, आणि घर चालायचं ते हिच्या पगारावर. तो उठला, बाहेर व्हरांड्यात गेला आणि दवाखान्याच्या ऑफिसला फोन लावला.

"अगंबाई!" ऑफिसातली बाई म्हणाली. "ते संध्याकाळी व्हायचं होतं हो. ड्यूटी संपली की बोलावून सांगणार आहेत. आमच्याकडून वेळ चुकली टाकताना. पण तुमची सिस्टीम तरी काय, सांगितलं रे सांगितलं की लगेच करून मोकळी!"

"म्हणजे कामावरून काढलंय?"

"माणसं कमी करायची आहेत, दुसरं काय. तुम्ही एवढं करा, आजच्यापुरतं चालू करून द्या. वॉर्ड अडायला नको. आणि कुठे बोलू नका हं. नाहीतर आज औषधं कोण वाटणार?"

"ती माझी..."

"काय म्हणालात?"

"काही नाही," तो म्हणाला.

तसा तो भित्राच. त्याचंही पोट याच दवाखान्यावर होतं. आजचा दिवस तरी तिचा सुखात जाऊ दे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. खरं कारण ते नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

परत येऊन त्याने वहिनीचं नाव चालू केलं. मशीनने विचारलं, कधीपर्यंत? बाकी सगळ्यांपुढे 'कायम' लिहिलेलं होतं. त्याचं बोट 'कायम'वर थांबलं. मग त्याने आजची तारीख टाकली आणि पुढे ड्यूटी संपायची वेळ.

"लाव आता, वहिनी."

टुणकन हिरवा दिवा लागला. सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या.

"बघितलंत? हाताला यश आहे माझ्या भाऊजींच्या!" वहिनीचा चेहरा फुलला होता. "आता पुन्हा नाही ना हो बंद पडणार?"

"आज नाही," तो म्हणाला.

ती औषधांचा ट्रे घेऊन खाटांमधून फिरली. कोणाची उशी सारखी केली, कोणाला दटावलं, एकाला गोळी थुंकताना पकडलं आणि चांगलं फैलावर घेतलं. आजोबांपाशी मात्र बराच वेळ थांबली. परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"घरी गेल्यावर काय काय करणार ते सांगत होते मला. भिंतीला रंग काढायचाय म्हणे. आणि मी आपली हो हो करतेय." तिने नाक पुसलं. "मला नाही हो जमत हे. तोंडावर गोड बोलायचं आणि मागे त्यांच्या खाटेवर दुसरा पेशंट ठरवून ठेवायचा. ज्याचं आहे त्याला सोडून सगळ्या गावाला ठाऊक! माणसाला आपलं आवरायला तरी वेळ द्यावा की नाही? तुम्हीच सांगा भाऊजी, सांगू ना त्यांना?"

दीर उरलेली वायर गुंडाळत होता. गुंडाळून झालेली वायर त्याने सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

"संध्याकाळपर्यंत राहू दे, वहिनी."

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली.

"तुम्हीपण त्यांच्यातलेच निघालात," ती म्हणाली आणि पुढच्या खाटेची औषधं काढायला कपाटापाशी गेली. तिने कार्ड टेकवलं. दिवा हिरवा लागला.