पाण्याचा कोर्स

“तुला नकाशे काढायला आवडतात ना? मग सरळ जिऑग्राफीच्या टेबलावर जा. त्या खिडकीपाशी,” कस्तुरी म्हणाली. मुलगा खूश होऊन खिडकीकडे निघाला. आला होता तो पाण्याच्या कोर्सबद्दल विचारायला. सकाळपासून असे बरेच आले होते आणि कस्तुरीनं बहुतेकांना असंच दुसरीकडे वळवलं होतं.

इंदूरच्या त्या विद्यापीठात प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. सभागृहात प्रत्येक विभागानं आपापलं टेबल मांडलं होतं. फार्मसीपासून पालीपर्यंत, कायद्यापासून कथ्थकपर्यंत कुठे काय शिकवतात, हे कस्तुरीला तोंडपाठ. म्हणून दारातलं मार्गदर्शनाचं टेबल तिच्याकडे. आलेल्या मुलांनी आधी तिच्याशी बोलायचं, मग ती सांगेल तिकडे जायचं.

तिला तिथे बसवलं होतं मनीषनं. तो तिच्याच केमिस्ट्री विभागातला, तिच्याहून पुष्कळ ज्युनियर. “कस्तुरी मॅडमना सगळे विभाग माहीत आहेत, त्याच बसू देत,” असं त्यानं मीटिंगमध्ये सुचवलं होतं.

माहीत असणारच. पाण्याच्या अभ्यासाचा एक वेगळा कोर्स काढायचा म्हणून ती कित्येक वर्षं या विभागातून त्या विभागात चपला झिजवत होती. पाणी तपासायला केमिस्ट्री हवी, जमिनीखालचं पाणी कळायला जिऑलॉजी, आणि कुणाला जाब विचारायचा तर कायदा. एकमेकांचं तोंड न बघणारे विभागप्रमुख तिनं चहाला बोलावून शेजारीशेजारी बसवले. अभ्यासक्रम तयार झाला आणि तिचे वडील गेले. ती स्नेहलतागंजच्या घरी सुतकात असताना मनीषनं तो कुलगुरूंसमोर मांडला. स्वतःचा म्हणून. ती कामावर परतली तेव्हा त्याच्या खोलीवर समन्वयकाची नवी पाटी लागली होती.

“मॅडम, कोर्स होणं महत्त्वाचं. नाव कुणाचं का असेना,” असं म्हणून त्यानं पेढ्यांचा डबा पुढे केला होता.

तिनं तक्रार केली नाही. पेढाही घेतला नाही. आज मात्र प्रत्येक मुलाला ती मायेनं विचारत होती, तुला नक्की काय आवडतं? मग त्याच्या आवडीचा विषय असा काही उलगडून सांगायची की पोरगं पाण्याचं नाव विसरून जायचं. यात खोटं काही नव्हतं. मनीषच्या टेबलासमोरच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या होत्या. ते बघून तिला कित्येक महिन्यांनी जेवण गोड लागलं.

दुपारी तो स्वतःच आला. कॉलर घामानं भिजली होती.

“कस्तुरीजी, ठरलेली संख्या भरली नाही तर कोर्स रद्द होणार. बस, आधीचे धरून एकच कमी पडतोय. कुणाला तरी पाठवा ना. माझं प्रमोशन अडकलंय हो यावर.”

सकाळपर्यंत त्याच्यासाठी ती नुसती ‘मॅडम’ होती.

“मी कुणाला ओढून कसं पाठवू, मनीष? मुलांची इच्छा पाहिजे,” ती शांतपणे म्हणाली. तो मान खाली घालून गेला.

टेबलं आवरायची वेळ झाली तेव्हा एक मुलगी धापा टाकत आत आली. “मॅडमजी, मी संबोधी. पाणीवाला कोर्स इथेच आहे ना?”

“बस. तुला नक्की काय शिकायचंय?”

“आमच्या गावात बोअरचं पाणी पिऊन बच्च्यांचे दात खराब होतात. काहींचे तर पाय वाकडे झाले. त्या पाण्यात काय आहे, ते मला स्वतः तपासता आलं पाहिजे.”

“मग केमिस्ट्रीत एम.एस्सी. कर.”

“पण ते पाण्यात आलं कुठून, जमिनीतून की आणि कुठून, ते त्यात कळेल का? आणि कळलं तरी नुसतं कळून काय करू? ऑफिसात कुणी ऐकत नाही. कोणता कायदा लागतो, ते पण यायला हवं ना.”

कस्तुरीनं सगळीकडे नजर फिरवली. सभागृहात इतकी टेबलं होती, पण हिला पाठवायला दुसरं एकही नव्हतं. तिनं कोर्स आखला होता तो हिच्यासारखीसाठी. त्यातला एकेक विषय ही पोरगी आपण होऊन मागत होती.

पलीकडून मनीष बघत होता. मुलगी बराच वेळ बसलीय म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. तो उठून उभा राहिला आणि कस्तुरीकडे बघून हसला. काम झालंच, अशा खात्रीचं हसू.

“तो कोर्स रद्द झाला,” कस्तुरी म्हणाली.

“रद्द? मला उशीर झाला का?”

“नाही. मुलंच आली नाहीत.”

संबोधीनं ओढणीनं डोळे पुसले आणि बॅग खांद्याला लावली.

“मग निदान कस्तुरी मॅडमना तरी भेटता येईल? मी छोटी होते तेव्हा त्या आमच्या गावी यायच्या, हँडपंपाचं पाणी बाटल्यांत भरून न्यायच्या. माझी आई म्हणते, पाटी कुणाची पण असो, कोर्स त्यांचाच असणार. त्यांच्याच भरोशावर आलेय मी.”

कस्तुरीनं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून मनीषकडे पाहिलं. तो अजून हसतच होता.

“कस्तुरी मॅडम आता इथे नसतात,” ती म्हणाली.