कुठलीही कळ

"हात लावायचा नाही," सर म्हणाले, आणि लेकीने पुढे केलेला हात मागे घेतला.

लॅपटॉप तिचाच होता. जुना, कोपरे झिजलेला, आणि आता पुरता हटून बसलेला. सुरू केला की काळा पडदा आणि शेवटी एकच रडगाणं, की सुरू होण्याजोगं काही सापडत नाही. सगळं नव्याने भरायची डिस्क सरांनी कपाटात जपून ठेवली होती. ती आत सरकवायची, यंत्राला आधी तीच वाचायला सांगायचं, की काम फत्ते. पण यंत्र डिस्ककडे ढुंकूनही बघत नव्हतं.

सर म्हणजे टायपिंगचे सर. अर्ध्या गल्लीला त्यांनी टायपिंग शिकवलं होतं, तेही शिकणाऱ्याच्या हातांवर फडकं टाकून. कळांकडे बघायचं नाही, बोटांना डोळे असतात, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आताही त्यांची बोटं सटासट चालत होती. सेटिंगच्या पानात शिरणं, खाली येणं, डिस्कला पहिला नंबर देणं, बाहेर पडणं, सगळं तोंडपाठ. चुकत काहीच नव्हतं आणि होतही काही नव्हतं.

टेबलाच्या कोपऱ्यावर स्कूटरची किल्ली पडली होती. शाळा सुटायची वेळ होत आली होती. नातीला शाळेतून आणायचं काम सरांचं, आणि त्यात दुसरा वाटेकरी त्यांना खपत नसे. परवा स्कूटर फाटकाला घासली तेव्हा पोर मागेच बसलेली होती. खापर फाटकावर फुटलं. ते मध्ये येतं, असं सरांचं म्हणणं. आईने मात्र फोनवर हळूच सांगितलं होतं, की ह्यांना हल्ली नीट दिसत नाही असं वाटतं. विचारलं की अंगावर येतात. तूच काय ते बघ. म्हणून लेक लॅपटॉप काखोटीला मारून आली होती. येऊन बराच वेळ झाला तरी तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तुमच्या मागे माझी पोर बसवायची मला भीती वाटते, हे बापाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

सरांनी डिस्क काढली, सदऱ्याच्या टोकाने पुसली, पुन्हा घातली. बॅटरी काढून बसवली. बटण दाबलं. डिस्क आत घरघरली. पडदा काळा झाला आणि अगदी वर, कोपऱ्यात, बारीक करड्या अक्षरांत एक ओळ उमटली. डिस्कवरून सुरू करायचं असेल तर कुठलीही कळ दाबा. ओळीपुढे एकेक टिंब उमटू लागलं.

लेकीचा हात आपसूक पुढे गेला.

"जरा कळ सोस गं," सर म्हणाले. "त्याचं त्याला करू दे."

टिंबं थांबली. ओळ पुसली गेली. पुन्हा तेच रडगाणं.

डिस्कच बाद असणार, सर म्हणाले, नाहीतर तुझं हे धूड तरी. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. या खेपेला लेकीने पडद्याकडे बघितलंच नाही. ती वडिलांकडे बघत राहिली. पडद्यावर ओळ आली, तिचा अंधूक उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला. त्यांची नजर पडद्याच्या मध्यावर रोखलेली होती, तिथून ती तसूभरही हलली नाही. ओळ आली आणि गेली, त्यांच्या गावीही नव्हतं. पानावरचा चुकलेला स्वल्पविराम टेबलापलीकडून हेरणारा हा माणूस.

"एकदा शेवटचं," म्हणत सरांनी पुन्हा बटण दाबलं. एक हात किल्लीकडे गेलाच होता.

ओळ पुन्हा आली. गुपचूप एक कळ दाबली असती तर यंत्र सुरू झालं असतं, वडिलांचा शब्दही राहिला असता, आणि ते खुशीत किल्ली उचलून निघाले असते. लेकीने हात मांडीखाली दाबून धरले.

"बाबा, वर काय लिहिलंय?"

"कुठे?" सर म्हणाले.

दारात आई टॉवेलची घडी घालत होती. ती घडी अर्धीच राहिली.

ओळ निघून गेली. सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला, पडद्याकडे वाकून बघितलं आणि मागे टेकले. आता ओरडतील, असं लेकीला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चाचपत बटण शोधलं आणि पुन्हा दाबलं.

"आलं की सांग," ते हळूच म्हणाले.

डिस्क घरघरली.

"आलं."

"कुठली कळ?"

"कुठलीही, बाबा."

अंगठ्याने त्यांनी खालची लांब कळ दाबली, वर्गात शिकवायचे तशी, हलकी आणि नेमकी. यंत्राने डिस्क पकडली. पडदा निळा झाला.

"लागलं?"

"लागलं."

सरांनी मान हलवली. मग किल्ली उचलून उठले. दोन पावलं जाऊन ते थांबले, माघारी आले आणि किल्ली तिच्यापुढे धरली.

"फाटकापाशी जपून," ते म्हणाले. "ते मध्ये येतं."