अकरातला एक

या, जवळ सरकून बसा. एका लाल जर्सीची गोष्ट सांगायची आहे. लहानशीच आहे, हातातली कॉफी निवायच्या आत संपेल.

नेब्रास्कातल्या एका कॉलेजच्या गावी, आर्डिस हुलिकच्या स्वयंपाकघरात कॉलेट येऊन बसली होती. दोघी सत्तरीच्या, कॉलेजात एकाच व्हॉलीबॉल संघात खेळलेल्या. टेबलावर दालचिनीचे गरम रोल होते आणि त्यांच्या पलीकडे, नुकतीच पेटीतून काढलेली आर्डिसची जर्सी. पाठीवर पांढऱ्या फेल्टच्या कापडाचे दोन एक, शेजारी शेजारी. अकरा.

कॉलेटचा नंबर एक. तिच्या मानासाठी शनिवारी कॉलेज तो कायमचा राखून ठेवणार होतं. यापुढे कुठल्याच मुलीला तो मिळायचा नाही. कॉलेटची जर्सी काचेत बसून जिमच्या भिंतीवर चढायची. अडचण एवढीच, की जर्सी नव्हती.

"गॅरेज रंगवताना फडकं केलं गं मी तिचं," कॉलेट म्हणाली. "तुझी आहे ना. एकसारख्याच तर होत्या. एक आकडा काढ, दुसरा मध्ये घे. इतक्या उंचावर कोण बघतंय?"

"आणि माझी?"

"तुझी काय, पेटीतच पडून होती."

मग तिनं आर्डिसचा हात धरला. भाषणात सगळ्यांदेखत सांगणार होती म्हणे, की तिनं मारलेला एकेक चेंडू आर्डिसच्या हातून वर आला होता.

पन्नास वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं. त्या काळी स्मॅश बसला की मारणारीच्या नावापुढे गुणांच्या वहीत खूण व्हायची. नेटपाशी चेंडू उचलून देणारीची खूण करायची पद्धतच नव्हती. चार वर्षं आर्डिस चेंडू उचलत राहिली आणि वहीत तिच्या नावापुढची जागा कोरीच राहिली.

तिनं कात्री घेतली. टाके तिचेच होते. कॉलेज तेव्हा मुलींना कोऱ्या जर्स्या द्यायचं. साऱ्या संघाचे आकडे तिनंच शिवलेले, मेण लावलेल्या दोऱ्यानं, उड्या मारताना सुटू नयेत म्हणून. आता ते सुटता सुटेनात. कॉलेटचा तोवर दुसरा रोल खाऊन झाला.

शनिवारी जिम खचाखच भरलं. आर्डिस चर्चला जायचा निळा ब्लाउज घालून तिसऱ्या रांगेत बसली होती. नाव आलं की कसं उठायचं ते तिनं घरी ठरवून ठेवलं होतं. अर्धंच उठायचं, मान लववायची, लगेच बसायचं.

कॉलेटनं देवाचे आभार मानले, कोचचे मानले, नवऱ्याचे, दोन्ही जावयांचे. मग तिनं डोळ्यांना रुमाल लावला, आणि आर्डिसचं नाव यायच्या आतच टाळ्यांचा कडकडाट झाला. आर्डिस अर्धी उठली होती. तशीच उभी राहून तीही टाळ्या वाजवू लागली.

भिंतीवर चढवण्याआधी चौकट टेबलावर ठेवली होती. आताच्या संघातली एक मुलगी तिच्यावर वाकली.

"आजी, या एकाच्या दोन्ही बाजूंना हे काय आहे?"

सारी जर्सी धुऊन धुऊन विटकी झालेली. फक्त एकाच्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशा दोन उभ्या पट्ट्या अजून गडद लाल होत्या. कडेनं सुईची बारीक भोकं.

कॉलेटनं चष्मा वर केला. "जुनं कापड आहे, बाळा. डाग असतील."

आर्डिस मागेच उभी होती, कोट हातात घेऊन.

वरच्याच्या वहीत तिची खूण असेलच, त्याची मला चिंता नाही. नंबर एकची आठवण भिंत ठेवील. तुम्ही कधी त्या जिममध्ये गेलात तर मान वर करून त्या दोन लाल पट्ट्या तेवढ्या बघा, आणि मनातल्या मनात म्हणा, आर्डिस हुलिक, नंबर अकरा.