नळावरचं भांडण

'वणवा' या नावाने रॅप करणाऱ्या मुलाची मुलाखत घ्यायला पत्रकारबाई थेट घरी आल्या, तेव्हा त्याने आधी बाथरूमचं दार ओढून घेतलं. त्याचं गाजलेलं गाणं वस्तीतल्या नळावर पाण्यासाठी झालेल्या मारामारीचं होतं, आणि त्याच्या स्वतःच्या बाथरूममध्येच दोन नळ होते, एक गरम आणि एक गार.

"हे सगळं तुम्ही अंगावर झेललंय, ते शब्दाशब्दात जाणवतं," बाई म्हणाल्या.

वणव्याने मान खाली घातली. तेवढ्यात आई कॉफी घेऊन आली, तर बाईंनी तिलाच विचारलं, "नळावरचं ते भांडण खरंच झालं होतं?"

वणवा घाईघाईने कॉफीचे कप पुढे सरकवू लागला.

"झालं होतं ना," आई म्हणाली. "हंडा पार चेपला होता."

बाई खूश होऊन गेल्या. त्यांची पाठ वळताच वणव्याने आईचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले.

"तुझ्या लहानपणीचं भांडण मी माझं म्हणून गायलो. रागावलीस?"

"भांडण घेतलंस त्याचं काही नाही रे. पण गाण्यातली ती शिवी कुठून उचललीस? असल्या मिळमिळीत शिवीला घाबरून कुणी नळ सोडतं होय?" तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे बाबा पेपर वाचत बसले होते. "आधी ते दार लाव. खरी सांगते."